टाच टेकली की नाही

संपादकबाईंचं पत्र आलं, "तुम्ही वाशीमला गोल्फ शिकवत होता असं कळलं, त्यावर काही लिहा." मला पहिला संशय आला तो हा, की कोणीतरी थट्टा करतंय. वाशीम आणि गोल्फ हे दोन शब्द एकत्र उच्चारले की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. मी पत्र दोनदा वाचलं, पाकिटावरचा शिक्का उजेडात धरून तपासला, आणि मगच कागद पुढे ओढला. स्वभावाला इलाज नाही. सगळा जन्म माणसांचे पाय बघण्यात गेला. तोंडाने माणूस काय सांगतो यावर विश्वास ठेवायची सवयच लागली नाही.

तर हो, वाशीमला गोल्फ होता. पन्नासच्या दशकात वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इंग्रज साहेब निघून गेले, पण गावाबाहेरच्या माळावर त्यांनी आखलेली सहा भोकं मागे राहिली. ती खेळायला तहसीलदार, मुन्सफ, सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब, दोन-तीन वकील आणि जिनिंगचे मॅनेजर संध्याकाळी येत. मैदान म्हणजे मुरूम, कुसळं आणि बोरी-बाभळी. खऱ्या मैदानात भोकाभोवती मखमलीसारखं गवत असतं म्हणतात. आम्ही तिथे वाळूत मोटारीचं जळकं तेल कालवून गोल अंगण करायचो. त्याला 'ब्राउन' म्हणत. आणि मी तिथला मार्कर. मार्कर म्हणजे शिकवणारा, काठ्या दुरुस्त करणारा, ब्राउनवर पोतं ओढून ती सारखी करणारा, आणि साहेबांच्या भांडणात साक्षीला उभा राहणारा. या सगळ्याला पगार एकच होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लांबचा फटका सगळ्यांना आवडतो, कारण तो दिसतो. पण खेळ खरा सुरू होतो तो चेंडू ब्राउनच्या जवळ आल्यावर. दहा-पंधरा पावलांवरून चेंडू किंचित उचलून पुढे घरंगळत सोडायचा, तो चिप. तीस-चाळीस पावलांवरून, मध्ये बोरीचं झुडूप असेल तर त्याच्या डोक्यावरून उंच टाकायचा, तो पिच. दोन्ही फटके दिसायला हातांचे. असतात पायांचे. पाय जवळजवळ ठेवायचे, मध्ये वीतभर जागा. डावा चवडा किंचित भोकाकडे वळवायचा. गुडघे सैल. अंगाचा भार पहिल्यापासून डाव्या पायावर, आणि काठी मागे नेताना तो तिथून हलता कामा नये. मग काठी पुढे येताना उजवा गुडघा हळूच डाव्याकडे सरकतो, कंबर वळते, आणि शेवटी पट्ट्याचं बकल भोकाकडे तोंड करून उभं राहतं. पिचला पाय थोडे रुंद आणि कंबर थोडी जास्त वळते, इतकाच फरक. भार उजव्या पायावर घसरला की काठी चेंडूच्या मागे मुरमात घुसते. मग मनगटं झिणझिणतात आणि शिव्या मार्करला बसतात.

हे मला कोणा साहेबाने शिकवलं नाही. माझ्या आधीचे मार्कर रहीमचाचा, त्यांनी काठी कशी धरायची ते दाखवलं, पण पाय मी वडिलांकडून घेतले. आम्ही माळी. गावाला लागून आमचा मळा होता. वांगी, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. मोटेचं पाणी पाटाने येई आणि एक वाफा भरला की फावड्याने चिखल टाकून त्याचं तोंड बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. मी ते हातांच्या जोरावर करायचो आणि तासाभरात कंबर धरून बसायचो. वडील सत्तरीला आले तरी दिवसभर करत. एकदा वैतागून म्हणाले, "हात निस्ते फावडं धराले असतेत, पुंजा. चिखल पाय उचलते. उजवा गुडघा लोट, हात आपोआप येते." पुढे क्लबात मी मोठमोठ्या हुद्देदारांना हेच वाक्य ऐकवलं. फावडं शब्द गाळून, कारण त्यांना तो अपमान वाटला असता.

माझी शिकवायची आणखी एक रीत होती आणि तिच्यामुळे पुढचं सगळं घडलं, म्हणून ती सांगतो. हलवायाच्या भट्टीतली राख मी आणायचो आणि कापडाने चाळायचो. क्लबामागच्या मोकळ्या जागेत झाडून, पाणी शिंपडून, वाळल्यावर तिचा पातळ थर पसरायचो. शिकणाऱ्याला त्यावर उभं करायचं आणि एक फटका मारायला सांगायचं. मग त्याला बाजूला काढून मी उकिडवा बसायचो. टाच कुठे खोल गेली, चवडा कुठे फिरला, उजव्या पायाने कुठे धूळ ओढली, सगळं लिहिलेलं असे. शिकणारा म्हणे, "भार डावीकडंच होता." राख म्हणे, नव्हता. मी राखेचं ऐकायचो.

साहेब लोकांना हे फारसं रुचत नसे. एक तहसीलदार तर धडा संपला की स्वतःच्या बुटाने सगळी राख विस्कटून जात, जणू मी तिच्यातून त्यांच्या कचेरीतली गुपितं वाचणार होतो. जिनिंगचे मॅनेजर मात्र मोकळे होते. त्यांचं पोट असं की उभ्याने त्यांना स्वतःचे पाय दिसत नसत. ते विचारायचे, "पुंजा, आज माहे पाय कुठं हायेत?" आणि मी राखेत बघून सांगायचो.

सगळ्यांत वाकडं गिऱ्हाईक म्हणजे क्लबाचे सेक्रेटरी, नानासाहेब वकील. फौजदारी चालवून चालवून त्यांना प्रत्येक माणूस आरोपी दिसे. एकदा त्यांचा चेंडू बोरीखाली गेला. मी तो दाखवला. ते थांबले, चष्मा वर केला.

"हा इथंच व्हता?"

"इथंच व्हता साहेब."

"तू पायलास?"

"पायला."

"मंग इतक्या जनांत तुही नजर माह्याच चेंडूवर काहून व्हती?"

पण खोटं कशाला बोलू, त्यांचं आणि माझं जमायचं. दोघांचाही कोणावर विश्वास नव्हता. दिवाळीनंतर क्लबाचा कप असे आणि तो नानासाहेबांनी लागोपाठ दोनदा जिंकलेला होता. तिसऱ्यांदा जिंकला की कायमचा त्यांच्या घरी जाणार होता, त्यामुळे त्या वर्षी त्यांचा संशय जरा जास्तच धारदार झाला होता.

त्याच वर्षी पटवर्धन साहेब आले. तिशीचे असतील. पुलाच्या आणि तलावाच्या सर्व्हेवर इंजिनियर, मुक्काम जऊळक्याला तंबूत. गाडीने वाशीमला उतरायचे, टांग्याने क्लबात यायचे, तेही भर दुपारी, जेव्हा तिथे मी आणि होले पक्षी सोडून कोणी नसायचं. सोबत त्यांचा स्वयंपाकी गणपत, धनजचा म्हातारा माणूस, फिरकीचा तांब्या घेऊन. पहिल्या दिवशी टांग्यातून उतरले आणि म्हणाले, "मार्कर तुम्हीच का?"

मी तिथेच सावध झालो. वाशीमच्या क्लबात मला कोणी 'तुम्ही' म्हणत नसे. पुंजा, पुंज्या, फार तर पुंजाजी. जो माणूस गरज नसताना मान देतो त्याला काहीतरी हवं असतं, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

"मला लांबचे फटके नको आहेत," ते म्हणाले. "ते चिप आणि पिच म्हणतात तेवढंच. त्यातही पाय कसे ठेवायचे ते. हात नाही जमले तरी चालतील."

माझा संशय दुप्पट झाला. आजवर माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी लांबच मारायला बघे. पोहायला शिकणाऱ्याने मला फक्त बाहेर निघायचं शिकवा म्हणावं, तसं हे झालं. मी राख पसरली. त्यांनी लांब बूट घातले होते, घोट्याच्या वरपर्यंत. चिप मारला, काठी मुरमात घुसली, चेंडू दोन हात गेला. मी उकिडवा बसलो. उजवा बूट टाचेसकट खोल गेलेला. डाव्याचा फक्त चवडा. टाचेचा चौकोन उमटलेलाच नव्हता.

"साहेब, भार डावीकडं पायजे."

"डावीकडेच आहे."

पुन्हा मारला, पुन्हा तेच. चार दुपारी हेच चाललं. माणूस हुशार, सांगितलेलं एका वेळेत कळायचं, चालणंही सावकाश आणि रुबाबदार, पण डावी टाच काही राखेला लागत नव्हती. कळूनही कोणी करत नसेल तर तो मुद्दामच टाळत असतो, असं मला वाटायचं. हे मुद्दामच होतं का, ते मात्र कळेना. मी गणपतला बोरीखाली गाठलं.

"साहेब कसे हायेत तुये?"

"देवमानूस हाये," तो म्हणाला. "तेल निरा लय लागते बावा."

"तेल कायले?"

"आंगाले," म्हणाला आणि तोंड मिटून तांब्याचं झाकण फिरवत बसला. जेवणाखाण्यावर तासभर बोलणारा माणूस तेलावर गप्प झाला, हे मी मनात ठेवलं.

इकडे नानासाहेबांच्या कानावर दुपारचा इंजिनियर गेलाच. एका संध्याकाळी त्यांनी मला काठ्यांच्या खोलीत धरलं.

"तो पटवर्धन दुपारचा काहून येते?"

"शिकाले येते साहेब."

"भर उन्हात? लपून?" त्यांनी दार लोटून घेतलं. "पुंजा, सोंग करून राह्यला तो. कच्चा म्हनून नाव लावीन, कपात सवलतीचे फटके घेईन आन् त्या दिवशी असा खेळन का आपून पायतच राहू. छुपा रुस्तम हाये."

कपात कच्च्या खेळाडूला काही फटके सूट मिळत, हे खरं. वकिलांचा तर्क अगदीच वेडा नव्हता. पण मला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. सोंग करणारा माणूस माझ्या राखेला फसवतो आणि मला कळत नाही, असं ते म्हणत होते. माझ्या विद्येवर हात टाकल्यासारखं झालं. मी छाती काढून म्हणालो, "सोंग नाई साहेब. राख मले फसवत नाई. त्यायच्या डाव्या पायात खोट हाये. टाच टेकतच नाई, मंग कपाचं सोंग कुठून करतीन?"

नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग हसले. "टाचेचा साक्षीदार!" म्हणाले आणि पत्ते खेळायला निघून गेले. मला वाटलं, मी एका परक्या माणसावरचा खोटा आळ दूर केला. त्या रात्री मी खुशीत जेवलो.

दोन दिवसांनी साहेब पुन्हा आले त्या दुपारी मी ठरवलं की आता छडा लावायचाच. चिप शिकवताना एक हमखास उपाय असतो. उजवा पाय मागे घ्यायचा आणि नुसता चवडा टेकवायचा. मग अंगाला डाव्या पायावर उभं राहण्यावाचून गत्यंतरच उरत नाही.

"साहेब, उजवा मागं घ्या. निस्ता चवडा टेकवा. सगळं आंग डाव्यावर येऊ द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा पाय मागे घेतला, काठी अर्ध्यावर नेली, आणि तोंड पांढरं पडून राखेतच खाली बसले. गणपत तांब्या टाकून धावला. त्याने मला न विचारता त्यांचा बूट उतरवला. टाच सुजलेली, आणि सगळं पाऊल घोट्यापासून आत वळलेलं. गणपतने ते मांडीवर घेतलं. तेल कुठे जात होतं ते मला तेव्हा कळलं.

साहेबांनी श्वास घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पुलाच्या कामावर सुरुंगाच्या खड्ड्यात पडले. वैदूकडून हाड बसवून घेतलं, ते वाकडं बसलं. कोणाला कळू दिलं नाही, कारण नोकरी टेंपररी होती आणि पायाने अधू इंजिनियर कोण ठेवतो? आता कायम व्हायची वेळ आली होती, पण त्याआधी डॉक्टरी दाखला हवा, आणि तो वाशीमचे डॉक्टरसाहेब देणार होते. घरी चार माणसं या एका माणसावर होती.

"मला गोल्फ खेळायचाच नाही, पुंजाजी," ते म्हणाले. "डॉक्टर डाव्या पायावर उभं करतात. मला तेवढं शिकायचंय. माझ्या एका स्नेह्याने सांगितलं, वाशीमला एक मार्कर आहे, तो हात शिकवत नाही, पाय शिकवतो. म्हणून आलो. हे आपल्या तिघांतच ठेवाल?"

मी म्हणालो, "ठेवीन साहेब."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. साहेब, मी परवाच एकाजवळ बोलून बसलो, तुम्ही तुमचं बघा. तेवढं एक वाक्य होतं. पण तो माणूस राखेत बसलेला, उघड्या पायाने, आणि माझ्याकडे असा बघत होता की ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी मनाशी म्हटलं, आधी नानासाहेबांना गाठू, त्यांचं तोंड बंद करू, मग सांगायची गरजच राहणार नाही.

संध्याकाळी गेलो त्यांच्या ओसरीवर. पक्षकार गेल्यावर हात जोडून म्हणालो, "साहेब, ते टाचेचं मी सांगतलं व्हतं, ते कोनापाशी बोलू नका."

"कोनत्या टाचेचं?"

ते विसरले होते. खरोखर विसरले होते. मी तिथून निघून आलो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी सांगत बसलो, इंजिनियर साहेबांच्या पायाचं, परवा म्हटलं ते. नानासाहेबांनी हळूच फाईल मिटली.

"त्यानं तुले पाठोलं?"

"नाई साहेब."

"मंग तुले काय पडलं त्याचं?"

त्यांनी चष्मा काढला. "परवा तू बोलला तवा मी हसून सोडून देलं. आता तू सोताहून आला, बोलू नका म्हनाले. न बोलावता जो साक्षीदार येते ना पुंजा, त्याच्यापाशी लपवाले काईतरी असते. आता मले पक्का संशय आला."

मी परत आलो तो सायकल हातात धरून चालत.

त्यानंतरचे तीन आठवडे मी जितकं मन लावून शिकवलं तितकं कधी शिकवलं नाही. टाचेवर भार पडला की कळ यायची, तर मी भार टाचेवर घ्यायचाच नाही असं ठरवलं. डावा चवडा चांगला पाव वळसा बाहेर फिरवला, म्हणजे वजन पायाच्या बाहेरच्या कडेवरून मांडीत आणि मांडीतून कुल्ल्यात जाई. गुडघा ताठ होऊ द्यायचा नाही. उजवा गुडघा डाव्याला जाऊन भिडला की डाव्याला टेकू मिळे. बुटाच्या टाचेत पोत्याची घडी घातली. आधी चिप, मग पिच, मग काठीशिवाय नुसतं उभं राहणं. मी मनात अंक मोजायचो, ते ओठ दाबून उभे राहायचे, आणि गणपत बोरीखालून बघत असायचा. दुसऱ्या आठवड्यात राखेत टाचेची एक कड उमटली. तिसऱ्या आठवड्यात सगळा चौकोन. त्या दुपारी त्यांनी बोरीच्या झुडपावरून पिच टाकला तो भोकापासून हातभर अंतरावर थांबला. साहेब मोठ्याने हसले, आणि "पुन्हा," म्हणाले. मला आजवर शिकवण्याचा इतका आनंद झाला नाही. तरी रोज वाटायचं आज सांगावं. रोज वाटायचं, नानासाहेब विसरले असतील, पुन्हा आठवण कशाला.

तपासणी झाली त्या संध्याकाळी मी व्हरांड्यात काठ्यांना तेल लावत होतो. डॉक्टरसाहेब सेक्रेटरींच्या शेजारी बसले होते. सरळ माणूस, कोणाचं वाईट चिंतणारा नव्हे. म्हणाले, "माणूस उभा राहिला हो. डाव्या पायावर, दोन मिनिटं, ताठ. बूट काढा म्हणायचं माझ्या मनातही आलं नसतं. पण तुमचं ते कानावर आलेलं. मग काढायला सांगावं लागलं. आणि एकदा बघितल्यावर मी काय लिहिणार? दिवसाला दहा मैल रानात चालायची नोकरी ती."

नानासाहेब पत्ते पिसत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं, तेवढं सांगायला हवं. त्यांना कपाचीच काळजी होती; टाच खरंच अधू की सोंग, एवढंच त्यांना डॉक्टरांकडून पडताळून घ्यायचं होतं. पायामागे एक आख्खी नोकरी आहे हे त्यांना मी कुठे सांगितलं होतं?

चार दिवसांनी निरोप मिळाला की साहेब निघाले. मी सकाळच्या गाडीने जऊळक्याला गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. वाटेत चारदा वाक्य जुळवलं. स्टेशनवर ते ट्रंकेवर बसले होते, एकटेच. मला बघून उठले.

"तुम्ही आलात! मला वाटलंच होतं."

"साहेब, मले एक सांगाचं हाये."

"आधी मी सांगतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बदलून गेला होता. चार दिवसांत डोळे खोल गेलेले. "डॉक्टरांना कोणीतरी आधी सांगितलं होतं. त्यांनी नाव घेतलं नाही, पण मी ताठ उभा राहिलो तरी म्हणाले, डावा बूट काढा. उजवा नाही, डावा. मी चार दिवस बसून हिशेब लावला. शिपायाला माहीत नाही, ओव्हरसियरला माहीत नाही. इथे माझा उघडा पाय दोनच माणसांनी बघितलाय. एक तुम्ही आणि एक गणपत." त्यांनी ट्रंकेवरचा पट्टा आवळला. "गणपतला काल काढून टाकला मी. आठ वर्षं होता माझ्याकडे. रडत होता, शपथा घेत होता. पण दुसरं कोण असणार?"

मी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तुमच्यावर मी एक क्षण संशय घेतला नाही," ते म्हणाले. "तुम्ही मला उभं केलं होतं. सांगायचंच असतं तर तीन आठवडे एवढी मेहनत कशाला घेतली असती? या मुलखात विश्वास ठेवण्यासारखा मला एकच माणूस भेटला." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला काय सांगायचं होतं?"

गाडीचा धूर दिसायला लागला होता. मी वाक्य तोंडात गोळा केलं. ते बाहेर आलं असतं तर गणपतला त्याची इज्जत परत मिळाली असती. साहेबांनी गाडी सोडली असती कदाचित, त्याला शोधायला गेले असते. आणि माझा हात त्यांनी सोडून दिला असता.

"काई नाई साहेब," मी म्हणालो. "पाय जपा."

ते डब्यात चढले, सावकाश, कोणाचा आधार न घेता. गाडी हलली तरी ते दारातून हात करत होते. आणि मीही करत होतो, निर्लज्जासारखा.

स्टेशनबाहेर कडुनिंबाखाली गणपत बसला होता, गाठोडं शेजारी. साहेबांच्या समोर यायचं नाही, पण गाडी सुटेपर्यंत बघायचं, म्हणून आला असावा. धनजकडे जाणारी बैलगाडी मिळते का ते बघत होता. मला पाहून उठला आणि माझा दंड धरला.

"पुंजाभाऊ, मी कायले सांगन? पोरावानी तेल लावलं मी त्या पायाले. तूच सांग बरं, कोनं सांगतलं असंन?"

"मले काय मालूम, गणपतभाऊ," मी म्हणालो.

मी त्याचं गाठोडं उचललं आणि सडकेपर्यंत नेलं. कापसाची एक गाडी त्या वाटेने निघाली होती, गाडीवानाशी बोलून त्याला वर बसवलं. तो म्हणाला, "इतल्या मानसांत तू एक उभा राह्यला माह्यासाठी. देव तुये पाय शाबूत ठेवो." मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होतो, आणि त्याला हाक मारली नाही.